मोठीला घरी बसवू नका, अर्ज लिहा

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

"मी सिडकोत राहते, वय ३१. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदारामार्फत लाइनवर काम करते. सगळं कापून हातात साडेअकरा हजार पडतात. मिस्टर छोटा हत्ती चालवतात. मोठी मुलगी सहावीत आहे, धाकटा सव्वादोन वर्षांचा. त्याला सासूबाई सांभाळायच्या. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, आता त्या निफाडला मोठ्या दिरांकडे असतात. आमच्या गल्लीतल्या पाळणाघरवाल्या बाई महिन्याला चार हजार मागतात आणि सकाळी नऊच्या आत दार उघडत नाहीत. माझी पाळी सातला सुरू होते. अंगणवाडीच्या ताई म्हणतात, तीन वर्षांच्या पुढचंच मूल बसवता येतं आणि तेही दुपारपर्यंत. मिस्टर म्हणतात नोकरी सोड, लाडक्या बहिणीचे दीड हजार येतातच. सासरे म्हणतात, मोठीला परीक्षेपर्यंत घरी ठेव, मुलीची जात आहे, शिकेल नंतर. गेला आठवडाभर तीच घरी राहून भावाला बघते आहे. लाइनवर माझ्या शेजारी बसते ती विधवा आहे, ती चार वर्षांच्या पोराला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून येते. सरकार पाळणाघराला पैसे देतं असं टीव्हीवर ऐकलं. ते कुणाला मिळतात आणि कुठे मागायचे?"
– एक आई, सिडको

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. मोठी आठवडाभर घरी आहे. सरकारी पैशांचं सविस्तर सांगते, पण आधी तिचं बोलू.

सहावीतली मुलगी म्हणजे अकरा-बारा वर्षांची. सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण कायद्याने सक्तीचं आहे. ते बाजूला ठेवलं तरी रोज काय घडतं ते बघा. सकाळी तुम्ही साडेसहाला निघता, मिस्टर गाडी घेऊन जातात आणि घरात एक लेकरू दुसऱ्या लेकराला सांभाळत बसतं. गॅस तिनेच पेटवायचा, दूध तिनेच तापवायचं, भाऊ मोरीत घसरला तर धावायचंही तिनेच. तिला काही झालं तर तिच्याकडे बघणारं कोणी नाही. "परीक्षेपर्यंत" म्हणून घरी बसवलेल्या मुली परीक्षेनंतर शाळेत परत जातात असं मला फारसं दिसलेलं नाही. आधी अभ्यास मागे पडतो, मग वर्गात बसायची लाज वाटते, मग ती स्वतःच म्हणते "मला नाही जायचं", आणि घरचे सुटल्यासारखे मान डोलावतात. पाळणाघर नसण्याची किंमत आपल्याकडे बहुतेक वेळा थोरल्या मुलीनेच मोजली आहे. तुमच्या घरात ती मोजायला सुरुवात होऊन आठवडा झालाय. उद्यापासून तिला शाळेत पाठवा. बाईंना भेटून बुडालेला अभ्यास विचारून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

आता उद्याचा दिवस कसा निघेल ते बघू, कारण सरकारची योजना उद्या सकाळी तुमच्या दारात येणार नाही. पाळणाघर नऊला उघडतं आणि तुम्ही साडेसहाला घर सोडता. मधले अडीच तास मिस्टरांचे. छोटा हत्ती चालवणाऱ्याला पहाटे भाजीपाल्याची भाडी मिळतात हे मला कळतं, पण रोजचं प्रत्येक भाडं पहाटेचं नसतं. धाकट्याला उठवून, तोंड धुऊन, पोळी-दूध भरवून नऊला पाळणाघरात पोहोचवणं हे बापाचं काम आहे आणि बापाला ते जमतं. साडेतीनला तुमची पाळी सुटली की तुम्ही त्याला घ्यायचं. म्हणजे मूल पाळणाघरात सात तासांच्या आसपास राहील. त्या बाईंना हे नेमके तास सांगा. दिवसभराचे चार हजार मागणारी बाई सात तासांचे थोडे कमी करते का, डबा घरून दिला तर आणखी काही सुटतं का, हे बोलून बघा. मिस्टरांनी हे उत्तर वाचावं अशी माझी इच्छा आहे. पत्र तुम्ही एकट्याने लिहिलंत, पण मूल दोघांचं आहे.

"नोकरी सोड" याचाही हिशेब कागदावर मांडा. अगदी पूर्ण चार हजार दिले तरी तुमच्या हातात साडेसात हजार उरतात. वर भविष्य निर्वाह निधी साठतो आणि पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर सातपूरचं कामगार विमा रुग्णालय मुलांसाठीही उघडं असतं. नोकरी सोडली की हे सगळं जातं. लाडक्या बहिणीचे दीड हजार तुम्ही घरी बसलात म्हणून वाढणार नाहीत. आणि एक वर्षाने परत गेलात तर ठेकेदार तुम्हाला नवीन म्हणूनच घेणार. धाकटा तीन वर्षांचा व्हायला नऊ महिने आहेत. तेवढ्यासाठी इतक्या वर्षांची नोकरी देऊन टाकू नका.

पाळणाघर ठरवण्याआधी एकदा न सांगता दुपारी अडीचच्या सुमाराला तिथे जा. सकाळी सगळीच पाळणाघरं झाडलेली, पुसलेली असतात. अडीचला मुलं झोपलेली असतात आणि सांभाळणारी बाईही पेंगुळलेली असते, तेव्हा खरं दिसतं. किती मुलांमागे किती मोठी माणसं आहेत ते मोजा. तीन वर्षांच्या आतली दहा मुलं असतील तर एक मोठं माणूस पूर्ण वेळ त्यांच्यातच हवं, आणि घरात एकूण दोन तरी हवीत, म्हणजे एक आंघोळीला किंवा दुकानात गेली तरी मुलं एकटी पडत नाहीत. पाण्याचं पिंप झाकलेलं आहे का, मोरीची कडी मुलाचा हात पोहोचणार नाही इतकी वर आहे का, गॅस मुलं खेळतात त्याच खोलीत आहे का हे बघा. चादरीला हात लावून बघा, ओलसर लागली तर समजा की कुणी शी-शू वेळेवर बदलत नाही. दारात उभं राहून तुम्ही हाक मारली की मुलं बाईंच्या मागे लपतात की बाईंपासून दूर सरकतात, तेही बघा. एवढं बघायला दहा मिनिटं पुरतात.

आता सरकारच्या पैशांचं. तुम्ही टीव्हीवर ऐकलं ते खरं आहे, पण तो पैसा आईच्या खात्यावर येत नाही. तो पाळणाघर चालवण्यासाठी येतो. म्हणून "मला किती मिळतील" या प्रश्नाला उत्तर नाही, आणि "आमच्या वस्तीत पाळणाघर का नाही" या प्रश्नाला मात्र कुणीतरी उत्तर द्यायला बांधील आहे.

केंद्र सरकारने २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू केली. स्वयंसेवी संस्था पाळणाघर चालवायच्या, एका पाळणाघरात २५ मुलं, वय सहा महिने ते सहा वर्षं, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना महिन्याला २० रुपये, आईवडिलांचं मिळून १२ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर १००, त्याच्या वर २००. तुम्हाला आज चार हजार सांगतात, म्हणून हे आकडे मुद्दाम लिहिते. सरकारी मदत असलेलं पाळणाघर किती स्वस्त असू शकतं ते त्यावरून कळतं. १ जानेवारी २०१७ पासून खर्चाची वाटणी बदलली. आधी ९० टक्के केंद्र द्यायचं, नंतर ६० टक्के केंद्र, ३० टक्के राज्य आणि १० टक्के संस्था असं झालं. राज्याचा वाटा वेळेवर सुटेना, संस्थांना आपले १० टक्के जमवता येईनात, आणि देशभरात हजारो पाळणाघरं बंद पडली. गरज काही कमी झाली नव्हती, पैसा वेळेवर आला नाही म्हणून बंद पडली. हे लक्षात ठेवा, पुढे अर्जात कामाला येईल.

२०२२ पासून ती योजना केंद्र सरकारच्या "मिशन शक्ती" या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली "पाळणा" या नावाने आली. आता भर अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्यावर आहे आणि खर्च केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के उचलतं. वय तेच, सहा महिने ते सहा वर्षं. आई नोकरी करते की नाही अशी अटही नाही. झोपायची सोय, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळ-गाणी, त्यापुढच्यांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षण, आहार, वजन-उंचीची नोंद, तपासणी, लसीकरण हे सगळं तिथेच व्हायला हवं. देशभरात अशी १७,००० केंद्रं करायचं उद्दिष्ट ठरलं. आपल्या राज्यात २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रांना मान्यता मिळाली. महाराष्ट्रात अंगणवाड्या आहेत एक लाख दहा हजारांच्या आसपास. म्हणजे तीनशेहून जास्त अंगणवाड्यांमागे एक पाळणाघर. तुमच्या अंगणवाडीच्या ताईंनी "नाही" म्हटलं त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांच्या अंगणवाडीत हे केंद्र मंजूरच नसेल तर त्या तुमच्या सव्वादोन वर्षांच्या मुलाला दिवसभर कुठून ठेवणार? तीन वर्षांखालच्या मुलाला त्या घरपोच आहार देतात, लसीकरणाला बोलावतात, वजन घेतात. त्यांना तेवढंच नेमून दिलेलं आहे.

त्यांच्याविषयी आणखी एक सांगते, कारण अनेक आयांचा राग त्यांच्यावर निघतो. पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरात नव्याने नेमलेल्या पाळणा सेविकेला महिन्याला ५,५०० रुपये आणि मदतनिसाला ३,००० रुपये मानधन धरलं आहे. मूळच्या अंगणवाडी सेविकेला या जादा कामाचे १,५०० आणि मदतनिसाला ७५० रुपये. पंचवीस मुलांचं शी-शू, जेवण, झोप, रडणं साडेसात तास सांभाळायचं आणि तीन हजार घ्यायचे. त्याही सिडकोत, चुंचाळ्यात, सातपूरलाच राहतात, त्यांच्याही घरी लहान मुलं असतात. एवढ्या पैशांत चांगली बाई टिकणार नाही, आणि दर तीन महिन्यांनी नवी बाई आली तर मुलं रुळणार नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि जानेवारी उलटत आला तरी मागे हटल्या नाहीत. तेव्हा "मुलांचे हाल" म्हणून त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ होते. मुलांचे हाल व्हायला नको असतील तर मुलं सांभाळणाऱ्या बाईला जगता येईल इतकं द्यावं लागतं. पाळणाघर मागताना तिच्या मानधनाचीही मागणी करा. ती तुमच्या विरोधातली नाही.

मला राज्य सरकारला मनापासून विचारावंसं वाटतं की बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार टाकता येतात, तर तिच्या गल्लीत एक खोली दिवसभर उघडी का ठेवता येत नाही? दीड हजार वाईट नाहीत. कित्येक घरांत त्यातून औषधं येतात, दप्तरं येतात. पण दीड हजारात मूल सांभाळणारं कोणी मिळत नाही, हे तुमचं पत्रच सांगतं. त्या पैशाच्या जोरावर तुमच्या घरात उलट "सोड की नोकरी" असं म्हटलं जातंय. खोली, दोन बायका, वरण-भात आणि एक स्वच्छ संडास यांवर तोच सार्वजनिक पैसा खर्च झाला तर पंचवीस आया कामावर जातात आणि पंचवीस घरांतल्या थोरल्या मुली शाळेत जातात.

तर अर्ज कसा करायचा. एकटीने करू नका. एका पाळणाघराला २५ मुलं धरतात, म्हणून तुमच्या गल्लीतली आणि आसपासची सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं शोधा. तुमच्या भागात ती दोन संध्याकाळीत सापडतील. मुलाचं नाव, जन्मतारीख, आई कुठे काम करते, पाळी किती ते किती, आणि सध्या मूल कोण सांभाळतं, एवढं एका कागदावर लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे "मोठी बहीण, शाळा सोडून", "कुलूप लावून", "शेजारच्या आजी, वय ७५" असं जे खरं असेल ते लिहू द्या. सजवू नका, लपवूही नका. अर्ज तुमच्या भागाच्या नागरी प्रकल्पाच्या (शहरातल्या अंगणवाड्या ज्याच्या हाताखाली असतात ते कार्यालय) बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि एक प्रत महापालिकेत, राजीव गांधी भवनात, महिला व बालकल्याण विभागाला द्या. महिला-बालकल्याणासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात पाच टक्के राखून ठेवायचे असतात. शिवणयंत्रं आणि प्रशिक्षण शिबिरं दरवर्षी होतात, त्याच तरतुदीतून पाळणाघर का नको, असं अर्जात सरळ विचारा. तुमच्या नगरसेविकेलाही ती यादी नेऊन दाखवा.

अर्जात वेळेची मागणी वेगळी, ठळक लिहा. साडेसात तासांचं केंद्र साडेनऊला उघडलं तर एमआयडीसीतल्या एकाही आईच्या उपयोगाचं नाही. आठ तासांची पाळी, वर जाण्या-येण्याचा वेळ, म्हणजे नऊ तास तरी हवेत आणि दार सकाळी साडेसहाला उघडायला हवं. केंद्रातल्या दोघी बायकांच्या वेळा पुढेमागे केल्या तर हे जमतं. आत्ता तोंड उघडलं नाही तर उद्या केंद्र होईल, फीत कापली जाईल आणि तुमचं मूल बाहेरच राहील.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत. सोबत माहिती अधिकाराचाही एक अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात विचारा की नाशिक शहरात आणि जिल्ह्यात पाळणा योजनेची किती केंद्रं मंजूर आहेत, कोणत्या अंगणवाड्यांत, सुरू किती झाली, आजवर किती निधी आला आणि किती खर्च झाला. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. मंजूर होऊन कागदावरच राहिलेलं एखादं केंद्र तुमच्या जवळपास निघालं, तर मागणी निम्मी सोपी होते.

दुसरा दरवाजा कंपनीचा. तो सरकारी मदतीच्या विषयाबाहेरचा वाटेल, पण तुमच्यासाठी तोच जास्त जवळचा आहे. जुन्या कारखाने अधिनियमात तीसपेक्षा जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं, म्हणून बायकांची संख्या तिशीच्या आत ठेवायची पळवाट होती. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. यात पन्नास म्हणजे बाई-पुरुष सगळे मिळून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे) लागू झाल्या, आणि सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाऊ द्यायचं, हेही त्यात आहे. ठेकेदारामार्फत काम करणाराही संहितेच्या व्याख्येत कर्मचारीच आहे. तेव्हा "तू आमची नाहीस, ठेकेदाराची आहेस" हे उत्तर कुणी दिलं तर ते चालणारं नाही.

"आमचं युनिट लहान आहे, आम्हाला परवडत नाही" असंही ऐकायला मिळेल. त्याचीही सोय कायद्यात आहे. अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करून एकच सामाईक पाळणाघर चालवलं तरी चालतं, किंवा सरकारचं, महापालिकेचं, खासगी वा संस्थेचं पाळणाघर वापरलं तरी चालतं. अंबड आणि सातपूरमध्ये एकाच रस्त्यावर कुंपणाला कुंपण लावून युनिटं उभी आहेत. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना रस्ते, वीज, पाणी, भूखंड यांसाठी सरकारदरबारी हिरिरीने भांडतात. अंबडमध्ये एक आणि सातपूरमध्ये एक सामाईक पाळणाघर हा त्यांनी हाती घ्यावा असाच विषय आहे. लाइनवरची कुशल बाई मूल झालं म्हणून निघून गेली तर नुकसान त्यांचंही होतं.

मात्र इथे जपून पाऊल टाका. ठेकेदारीतल्या बाईने एकटीने एचआरकडे पत्र दिलं तर दुसऱ्या दिवशी गेटपास चालत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. कंपनीत युनियन असेल तर पत्र युनियनच्या लेटरहेडवर जाऊ द्या. नसेल तर कायम कामगारांतल्या बायका आणि लहान मुलांचे बाप यांच्या सह्या आधी घ्या, तुमची सही मधे कुठेतरी असू द्या. उत्तर आलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि कामगार उपायुक्त कार्यालय इथे तक्रार करता येते. ती संघटनेमार्फत केली तर तुमचं नाव पुढे येत नाही.

शेजारी बसणाऱ्या ताईंसाठी वेगळं लिहिते, हे त्यांना वाचून दाखवा. त्यांचा मुलगा चार वर्षांचा आहे. म्हणजे तो आजच्या आज अंगणवाडीत बसू शकतो, गरम जेवणासकट, एक पैसा न देता. निदान सकाळचे तास तरी तो कुलपाआड राहणार नाही. दुपारपासून साडेतीनपर्यंत कोण, हा प्रश्न राहतो, आणि तिथे पैशांची मदत आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत, वडील वारलेल्या आणि आई एकटीने सांभाळत असलेल्या मुलासाठी राज्य सरकार महिन्याला २,२५० रुपये देतं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. पतीचा मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, दोघांची आधारकार्डं, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक एवढं घेऊन जायचं. पैसे सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून या आठवड्यातच अर्ज करा. तोवर गल्लीतल्या एखाद्या विश्वासाच्या बाईला दुपारच्या तीन-चार तासांचे ठरवून पैसे द्या, आणि नवीन महिन्याच्या एक तारखेला न मागता द्या. तुमचा धाकटा आणि त्यांचा मुलगा एकाच ठिकाणी राहिला तर दोघींनाही स्वस्त पडेल. पण कुलूप लावणं आजपासून बंद. शॉर्टसर्किट व्हायला, गॅस गळायला, मुलाने सेल गिळायला पाच मिनिटं लागतात आणि बाहेरून लावलेलं कुलूप आतून उघडत नाही. त्या बेफिकीर आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नव्हता.

तुमच्या पत्रात नाही, तरी एक लिहितेच. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बायका छाटणीपासून काढणीपर्यंत राबतात. झोळीतलं बाळ बागेच्या कडेला, त्याच्याजवळ पाच-सहा वर्षांची बहीण, आणि दोन ओळी सोडून फवारणीचा ट्रॅक्टर. त्यांना पन्नास कर्मचाऱ्यांची अट कधीच लागू होणार नाही, कारण त्यांचा मालक एक शेतकरी असतो आणि तो दर पंधरा दिवसांनी बदलतो. त्यांच्यापर्यंत पोहोचू शकेल असं एकच, गावच्या अंगणवाडीतलं पाळणाघर, आणि तेही हंगामात पहाटे उघडणारं. केंद्रांचा दुसरा टप्पा ठरवताना जिल्ह्याने शहरातल्या कामगार वस्त्यांइतकाच या गावांचा विचार करावा.

अर्ज दिल्यावर महिनाभर वाट बघा. माहितीच्या अर्जाला उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे अपील करा, त्यालाही मुदत तीस दिवसांचीच आहे. पाळणाघराच्या अर्जावर काही हललं नाही तर महिला लोकशाही दिन गाठा, त्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर बायकांच्या तक्रारी ऐकल्या जातात. तो जिल्हा पातळीवर दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी होतो. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, सोबत आधीच्या अर्जाची पोच जोडावी लागते, म्हणून तो शिक्का जपून ठेवा. सोमवारची सुट्टी सगळ्यांना मिळणार नाही, तेव्हा आतापासून ठरवून घ्या की पाच-सहा जणींनी जायचं आणि बाकीच्यांनी त्या दिवशी त्यांची मुलं सांभाळायची. यादीची झेरॉक्स प्रत्येकीच्या हातात असू द्या, बोलायला एकीलाच पुढे करा, आणि साहेबांनी जे सांगितलं ते तारखेसकट लिहून घेऊन त्यावर सही मागा. माहितीच्या अर्जाचं उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठवा. नाशिकमध्ये कुठे केंद्र मंजूर आहे आणि कुठे सुरू आहे, ते या सदरात छापू, म्हणजे बाकीच्या आयांना तोच अर्ज पुन्हा करावा लागणार नाही.